न उतणारी माणसं

माझं नाव करुणा. गावात म्हणतात, नाव करुणा आणि स्वभाव बिब्बा. म्हणू दे. मी तोंडाळ आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही, आणि ही हकीगत मी गोड गोड बोलून सांगणार आहे असा गैरसमजही कुणी करून घेऊ नये.

शहरात आता बिब्बा न ओळखणारी माणसं पुष्कळ निघतात. दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीबरोबर जे काळं फळ ओवलेलं असतं, तेवढीच त्यांची त्याच्याशी ओळख. आमच्या वाशीमकडच्या रानात ही झाडं आपोआप येतात. फळाच्या टरफलात काळं तेल असतं आणि आत पांढरी बी, गोडंबी. ती तुम्ही खाल्ली असेल, डिंकाच्या लाडवात असते, बाळंतिणीला देतात. जुनी माणसं या फळाचं काय काय करायची! टाचेला भेगा पडल्या की तापलेल्या बिब्ब्याचा चटका. गुडघे धरले की विटेच्या भुकटीत घोळून शुद्ध केलेला बिब्बा, तुपाबरोबर. पोराची छाती भरली की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेलाचा थेंब दुधात पाडायचा, आणि पोराच्या ओठांना तूप चोळून ते दूध पाजायचं. बरं वाटायचं, असं माय सांगते. पण हे तेल कच्चं अंगाला लागलं आणि तुमच्या अंगाला ते सोसलं नाही, तर उततं.

उतणं हा शब्द आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. दूध उतू जातं तसं कातडं उतू जातं. फोड येतात, सूज चढते, पाणी वाहतं, डोळे मिटतात, आणि खाज अशी सुटते की माणूस भिंतीला अंग घासतं.

आता प्रश्न असा की त्या टरफलातून ती पांढरीशुभ्र गोडंबी बाहेर काढतं कोण? बाया काढतात. दगडावर बिब्बा ठेवायचा, हाताला राख लावायची, लोखंडाने ठोकायचा. तेल उडतं ते हातावर, मनगटावर, कधी तोंडावर. माझ्या मायच्या हाताच्या रेषा मी कधी पाहिल्याच नाहीत, तिचे तळवे लहानपणापासून डांबरासारखे काळे. आणि पोरगी सात-आठ वर्षांची झाली की तिच्या दंडावर आतल्या बाजूला बिब्ब्याचा एक टिपका द्यायचा अशी रीत. टिपका उतला, तर घरातली म्हातारी बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, "हिले उततं व!" मग त्या पोरीला कुणी बिबे फोडायला बसवत नसे. नाही उतलं, तर दुसऱ्या दिवसापासून दगड तिचा.

मला उतलं. असं उतलं की दंडाची मांडी झाली. म्हणून मी शाळेत गेले, मग आयटीआयला गेले, फिटर झाले. माझ्याहून मोठी विशाखा, तिला उतलं नाही. बाप गेला तेव्हा मी पाळण्यात होते. ताई मायच्या शेजारी बसली ती बसलीच.

फिटर होऊन मी काय केलं, तर एक यंत्र बनवलं. जुन्या मळणीयंत्राचं पिंप, आत लोखंडी दात, वरून घट्ट झाकण. बिबे आत टाकायचे. तेल खालच्या नळीतून बरणीत, टरफल एका बाजूला, गोडंबी दुसऱ्या बाजूला. बोट कुठे लागायला नको. बायांनी त्याचं नाव ठेवलं काळी म्हैस, कारण ते चालताना तसंच फुरफुरतं. दोन हिवाळे गावातल्या बचत गटाने म्हशीवर गोडंबी काढली. मायचे तळवे हळूहळू मातकट झाले. ताईच्या पोरीने, संबोधीने, म्हणजे आमच्या बोधीने, एकदा आजीची वळलेली बोटं उलगडून विचारलं, "आजी, तुह्या हातावर बी रेघा हायत?" आम्ही खूप हसलो होतो. मला वाटलं, संपली एकदाची ही भानगड.

हात्तिच्या! संपते कसली!

सहना कंपनीची पांढरी गाडी गावात आली ती त्यातल्या दुसऱ्याच हिवाळ्यात. बरोबर डॉक्टर मृण्मयी सबनीस. चांगल्या होत्या बाई. मी हे मुद्दाम सांगते, कारण माणूस वाईट असलं की राग सोपा जातो. सबनीस मॅडम जमिनीवर मांडी घालून बसायच्या, चहा बशीत ओतून प्यायच्या, खोटं बोलायच्या नाहीत. त्यांनी बायांचं थोडं थोडं रक्त घेतलं, ते ड्रोनने नागपूरला गेलं, आणि आठवडाभरात त्या परत आल्या त्या जवळजवळ धावतच.

माझ्या शेडमध्ये बसून त्यांनी मला सगळं समजावलं. मी फिटर, म्हणून बहुतेक त्यांना वाटलं मला कळेल.

"बिब्ब्याचं तेल जाळत नाही, करुणाताई," त्या म्हणाल्या. "ते कातडीत मुरतं आणि तुमच्याच कातडीच्या प्रथिनांना चिकटतं. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. त्यांना वाटतं हा कुणीतरी परका घरात घुसलाय, आणि त्या स्वतःच्याच कातडीवर तुटून पडतात. म्हणजे उततं ते तुमच्याच शरीरामुळे."

"आणि ताईला का उतत नाही?"

"तेच तर! पहारेकऱ्यांना आवरणाऱ्याही पेशी असतात. 'सोडा, घरचाच आहे' असं सांगणाऱ्या. प्रत्येकात असतात, पण थोड्या. तुमच्या ताईच्या रक्तात त्या इतक्या आहेत, इतक्या ताकदीच्या आहेत, की आम्ही असं कधी पाहिलं नव्हतं." त्यांचे डोळे चमकत होते. "आमवात, मुलांचा मधुमेह, ल्युपस... या सगळ्या आजारांत शरीर स्वतःलाच खात असतं. या आवरणाऱ्या पेशी काढून प्रयोगशाळेत थोड्या वळवल्या आणि रोग्याला दिल्या, तर ते खाणं थांबतं. या गावात न उतणारी माणसं आहेत, करुणाताई. जन्मजात देणगी आहे ही."

औषधाचं नावही कंपनीचंच ठेवलं, सहना. टीव्हीवर जाहिरात आली. हिरवं रान, त्यात हसणारी काळ्या हातांची बाई, आणि मागून आवाज: निसर्गाने दिलेली सहनशक्ती, आता तुमच्यासाठी. आमच्या बायांना आपलं गाव टीव्हीवर दिसलं म्हणून कौतुक. मीही पाहिलं. मला तेव्हाच कुठेतरी खटकलं, पण मला सगळंच खटकतं असं घरचे म्हणतात, म्हणून गप्प बसले.

आणि मायचं काय झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर माझा राग खोटा ठरेल.

मायला आमवात होता. बोटं आत वळून मूठ घट्ट झाली होती. ब्लाउजची बटणं ताई लावून द्यायची. भाकरीचा तुकडा तिला मोडता येत नसे, आणि ते कुणी पाहू नये म्हणून ती सगळ्यांच्या नंतर, भिंतीकडे तोंड करून जेवायची. सहना बाजारात कितीला मिळतं हे विचारायचीसुद्धा आमची ऐपत नव्हती, पण जिचं रक्त कंपनी घेते तिच्या घरच्या एका माणसाला ते फुकट. ताईचं रक्त गावात सगळ्यात चांगलं निघालं. मायला सुई टोचली. पावसाळा संपता संपता मायने एक दिवस माझी वेणी घातली. मी चांगली तिशी उलटलेली बाई, आणि तिने मला पुढ्यात बसवून वेणी घातली, ओढून, कच्चून, डोकं दुखेस्तोवर. मी रडले. मला रडताना पाहून माय म्हणाली, "लय खेचली का व?"

तर असं ते औषध. खरं होतं. लोक बरे होत होते.

मग गाडी परत आली, आणि या वेळी मॅडमचा चेहरा उतरलेला होता. बायांच्या रक्तातल्या आवरणाऱ्या पेशी कमी होत चालल्या होत्या. का? कारण बायांचे हात आता बिब्ब्यात नव्हते. रोज तेल लागत होतं तोवर त्या पेशी जाग्या होत्या. तेल बंद झालं आणि त्या विसरू लागल्या. प्रयोगशाळेत वाढवून पाहिलं, तिथेही विसरतात. त्यांना रोजची कातडी लागते, रोजचा बिब्बा लागतो.

"म्हणजे?" मी विचारलं. मला कळलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"म्हणजे... यंत्र थोडे दिवस थांबवता आलं तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मॅडम, यंत्र मी बायांचे हात वाचवायला केलंय."

"मला माहीत आहे. पण सहनावर आता हजारो माणसं आहेत. तुमची आई आहे."

बचत गटाची बैठक झाली. मी घसा फोडून बोलले. बाया ऐकत होत्या आणि मायच्या बोटांकडे बघत होत्या. माय तांदूळ निवडत होती, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असे. म्हैस बंद झाली. मी तिच्यावर ताडपत्री टाकली. बायांच्या मनगटावर कंपनीचं कडं आलं. हात तेलात पुरेसा राहिला की ते हिरवं होतं. पूर्वी बाया बरं नसलं की दोन दिवस घरी बसायच्या. आता कडं पिवळं पडलं की घरचेच विचारायचे, आज बसली नाही का?

मी गावात तोंड वाजवत हिंडले. काय झालं? "करुणी म्हणजे नुसता बिब्बा घालणार सगळ्यात," एवढंच. लोकांच्या घरात आजारी माणसं उठून बसत होती. त्यांना माझं ऐकायला वेळ नव्हता.

पुढचं पाऊल मला आधीच दिसायला हवं होतं. बाया म्हाताऱ्या होतात. पेशीही होतात. कंपनीला नवं रक्त हवं होतं, आणि मॅडमच्या वरच्या लोकांनी शोधून काढलं की ही ताकद लहानपणीच अंगात मुरते. कोवळ्या वयात आधी दुधातून थेंब, मग हळूहळू हात तेलात. मोठेपणी सुरू केलं तर नुसतं उततं, पेशी काही तयार होत नाहीत. म्हणून योजना आली. नाव थेंब. सात वर्षांपुढच्या पोरी. रोज दुधात मोजून एक थेंब, आणि शाळा सुटल्यावर थोडा वेळ दगडावर. आणि म्हणे परंपरेचा मान राखून! पोरीची निवड कंपनी नाही करणार. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने रीतीप्रमाणे दंडावर टिपका द्यायचा, आणि चार लोकांसमोर सांगायचं, उतलं की नाही. जिला उतलं ती आपोआप बाद. न उतणाऱ्या पोरी तेवढ्या घ्यायच्या. आणि घरची पोरगी बसली तरच त्या घरचं फुकट औषध पुढे चालू.

बोधी सात वर्षांची झाली होती.

ताई दगडावर बसली होती तेव्हा मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. ठोकायचं थांबलीच नाही ती.

"ताई, तू बोधीला देणार?"

"टिपका तर देऊन पाहू. उतलं तं सुटली."

"आणि नाही उतलं तर?"

"तं बसंल." ठक. "मी नाई बसली?"

"तू बसलीस म्हणूनच विचारते! तुझे हात बघ जरा!"

तिने हात बघितले नाहीत. तिने कधीच बघितले नाहीत. "आवाज कमी कर. मायले ऐकू जाते."

"जाऊ दे! तिच्यामुळेच चाललंय ना हे सगळं?"

मग मात्र ताई थांबली. लोखंड खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू पाह्यलं ना, बोधी पोटात होती तवा मायनं कशी काढली मही सेवा? त्या वाकड्या बोटांनी? तिले आता परत भिंतीकडं तोंड करून जेवाले लावू? बोल ना. तुले बोलता येते. मले नाई येत."

ताई एवढं सलग कधी बोलली नव्हती. मी ताडपत्रीला लाथ घातली आणि निघून आले. ताईचा नवरा पुण्याकडे गेला तो तिकडचाच झाला होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, "तुमचं तुम्ही पाहा." मॅडमना फोन केला. म्हटलं, "तुमच्या मुलीला बसवाल का हो दगडावर?" त्या म्हणाल्या, "नाही." आणि मग म्हणाल्या, "पण माझा भाऊ सहनामुळे चालतोय, करुणाताई. मी काय करू?" खोटं बोलत नसत त्या, सांगितलं ना. त्याचाच मला जास्त संताप आला.

कार्यक्रम पंचायतीच्या पटांगणात होता, सकाळी. थंडी होती. मांडव, खुर्च्या, कॅमेरे, पोरींना गुलाबाचं एकेक फूल. दुधाचे कप एका टेबलावर ओळीने मांडलेले. कंपनीचे एक साहेब पुण्याहून आले होते. ते मराठीत बोलले आणि चांगलं बोलले. आपल्या आज्या-पणज्यांना जे ठाऊक होतं ते विज्ञानाला आज कळलं, वगैरे. टाळ्या पडल्या. मी मागे उभी होते. मला पुढे बसवायचं नाही असं ठरलेलंच होतं.

मग म्हाताऱ्या एकेक करून नातीला घेऊन माइकपाशी गेल्या. "उतलं नाई." टाळ्या. पोरगी टेबलाच्या उजव्या बाजूला. "उतलं नाई." टाळ्या. एकीने सांगितलं, "हिले उतलं," ती पोरगी मांडवाबाहेर खेळायला पळाली, आणि तिच्या आजीचं तोंड लग्न मोडल्यासारखं झालं. मला हसू आलं, तेही रागाचंच.

माय उठली. सरळ चालत गेली, बोधीचं बोट धरून. मायची बोटं किती सरळ दिसत होती. बोधीच्या अंगात लाल स्वेटर होता, मनगटापर्यंत बाह्यांचा, आणि ती दुसऱ्या हाताने सारखी दंड चोळत होती. मी हे पाहिलं. पाहिलं आणि मला त्याचा अर्थ लागला नाही. थंडीने पोरं कुठे ना कुठे खाजवतच असतात.

माय माइकमध्ये म्हणाली, "माह्या नातीले उतलं नाई."

टाळ्या पडणार तेवढ्यात ताई उठली.

ताई पहिल्या रांगेत होती, कंपनीची सगळ्यात चांगली रक्तदाती म्हणून शाल घालून बसवलेली. ती उठली, स्टेजवर गेली, बोधीसमोर गुडघ्यावर बसली आणि स्वेटरची बाही वर करू लागली. बोधी "नको ना व मम्मी" म्हणून मागे सरली. ताईने बाही वर केली.

दंड सुजून लाल झाला होता. टिपक्याच्या जागी पाण्याने भरलेले फोड होते, त्यांच्यावर राख थापलेली, आणि खाजवून खाजवून ती राख ओली झाली होती.

माइक चालू होता.

"माय," ताई म्हणाली, "हे उतलं नाई?"

माय म्हणाली, "थोडंसं आलं. जाते ते दोन दिवसांत."

"राख तू लावली?"

माय बोधीची बाही खाली ओढू लागली.

"मले बी राखच लावली होती तू," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. माइकमुळे तो सगळ्या पटांगणात गेला. "मले बी उतलं होतं. असंच. दंडावर. तू राख लावली आन् बाहीर जाऊन सांगितलं, माह्या पोरीले उतलं नाई. मी घरात होती. मी ऐकलं. बाबा गेले होते, करुणा पाळण्यात होती, मले वाटलं माय म्हणते तं नसंलच उतलं. दोन वर्षं उतत होतं मले. तोंड सुजे. रात्री तू पंख्यानं वारा घाले आन् सकाळी दगडावर बसवे. मग एक दिवस उतायचं बंद झालं. त्यालेच हे लोक देणगी म्हणतात."

मला इतकी वर्षं हे माहीत नव्हतं. एका घरात, एका पांघरुणात झोपून माहीत नव्हतं. मी ओरडणारी, आणि फोड तिला.

"मंग काय करू व मी?" माय ओरडली. "दोन पोरी घेऊन हिरीत उडी टाकू? तुले बसवलं म्हणून हे करुणा जगली! आन् आता माहे हात..." तिने दोन्ही हात पुढे केले. "हे हात परत तसे होऊ देऊ? तुमी कराल का माहं? सांग, कराल?"

"करू," ताई म्हणाली. "माह्या पोरीले नाई बसवणार."

तिने मनगटातलं हिरवं कडं ओढून काढलं, दुधाच्या कपांशेजारी ठेवलं, बोधीला कडेवर घेतलं आणि चालत मांडवाबाहेर गेली. एवढंच केलं तिने. मी इतकी वर्षं बोलून जे झालं नाही ते तिने बाही वर करून केलं, आणि खरं सांगते, अभिमानाआधी मला हेवाच वाटला.

मागे गडबड उडाली. दोघी-तिघी आया पुढे धावल्या आणि आपापल्या पोरींच्या बाह्या वर करू लागल्या. लक्ष्मी इंगोलेच्या पोरीचा दंडही तसाच निघाला. बाकीच्या आया जागच्या हलल्या नाहीत. त्या समोर बघत बसल्या, बाही वर करायची त्यांची हिंमत नव्हती किंवा गरज नव्हती. आधी मला त्यांचा राग आला. मग मला आठवलं की त्यांच्या घरीही कुणीतरी अंथरुणातून उठून बसलंय.

सबनीस मॅडम स्टेजच्या कडेला उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. मी त्यांच्यापाशी गेले. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "म्हणजे जन्मजात नाही. कुणातच नव्हतं. तयार झालंय हे."

"तयार केलंय," मी म्हणाले. "ठोकून."

"मला हे कळवावं लागेल."

"कळवा! सगळ्या जगाला कळवा!" मला वाटलं, जिंकलो आपण. किती मूर्ख असावं माणसाने! मला वाटलं, खरं कळलं की लोकांना लाज वाटेल.

मॅडमनी कळवलं. सगळं, जसंच्या तसं, आणि त्यानंतर नोकरी सोडली. पंधरवड्याने त्यांचा फोन आला. आवाज बसलेला होता. कंपनीने त्यांच्या अहवालाचे आभार मानले होते. त्यातून कंपनीला फार महत्त्वाची गोष्ट समजली होती: ज्या मुलीला आधी उततं, तिच्यातही दोन वर्षांत आवरणाऱ्या पेशी तयार होतात. आणि जितकं जास्त उतावं, तितक्या त्या पुढे ताकदीच्या निघतात. ताईचं रक्त सगळ्यात चांगलं का, याचं उत्तर मिळालं होतं.

"त्यांनी निवडीची अट काढून टाकलीय, करुणाताई," त्या म्हणाल्या. "टिपका आता नाहीच. उतलं तरी चालेल."

मी फोन भिंतीवर फेकला. फुटला. परत दुरुस्त करून आणला, कारण राग आला तरी फोन लागतो.

आमच्या गावातून गाडी गेली. ताईसारखं रक्त उरलं नव्हतं आणि भांडखोर गाव म्हणून शेरा पडला. घाटाखालच्या गावात पत्र्याचं नवं केंद्र झालंय, तिथे पोरी बसायला लागल्यात. त्यांच्या आया गरीब आहेत, त्यांच्याही घरी कुणीतरी आजारी आहे. मी म्हशीचे दात घासून लावलेत, पट्टा नवा घातलाय, आणि लक्ष्मीच्या नवऱ्याच्या टेम्पोत चढवून मी ती तिथे नेणार आहे. केंद्राच्या समोरच लावणार. ते मला हाकलतील. हाकलू देत, मी परत जाईन. इतकी फाटक्या तोंडाची मी झाले ती काय घरात बसायला? आणि या वेळी ताई बरोबर येणार आहे. ती बोलणार काही नाही, नुसती बाही वर करणार, स्वतःची. त्या जुन्या टिपक्याचा डाग अजून आहे.

मायचं औषध बंद झालं. आधी करंगळी वाकली, मग बाकीची. संक्रांतीपर्यंत मूठ पुन्हा होती तशी झाली. ब्लाउजची बटणं आता मी लावते. मी लावताना माय मला शिव्या देते, चांगल्या ठसठशीत, आणि ताईशी तर ती त्या दिवसापासून बोललेली नाही. आमच्या दोघींच्या हातचा घास घेत नाही. ताटावर मान फिरवते. पहिले दोन दिवस ती उपाशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी बोधी तिच्यासमोर जाऊन बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि आजीच्या तोंडापुढे धरली. माय कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. स्वच्छ, रेघारेघांचा, शाळेतल्या शाईचा एक डाग असलेला हात. मग तिने तोंड उघडलं.

आता रोज असंच चालतं. "तिखट झालं का व आजी?" बोधी विचारते. माय मान हलवते, चावते, डोळ्यांतून पाणी येतं, तिखटानेच येतं असं म्हणते.

मी दारात उभी राहून बघते. लोकांना वाटतं हे बघून माझा राग निवत असेल. निवत नाही. या दोन हातांपैकी एकच वाचेल, तुम्ही ठरवा, असं एका गरीब घराला सांगायची हिंमत ज्यांनी केली, त्यांचा मला रोज जेवणाच्या वेळी नव्याने राग येतो.